तसबिरीच्या पाठीवर काय लिहिले आहे?

१. प्रश्नाची मांडणी

क्रिकेटचे जुने छायाचित्र भिंतीवर लावण्यासाठी विकत घेणारा माणूस एका चौकटीत तीन वेगळ्या गोष्टी घेत असतो : प्रतिमा, प्रत आणि माहिती. प्रतिमा म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य. प्रत म्हणजे ते दृश्य ज्यावर उतरले तो कागद. माहिती म्हणजे कोण, कुठे, केव्हा, कोणी टिपले आणि ही प्रत कोणी, कधी काढली याचा हिशेब. ‘फाइन आर्ट प्रिंट’ म्हणून तिन्हींची मिळून एकच किंमत सांगितली जाते आणि घोळ तिथेच सुरू होतो. प्रतिमा पुन्हा पुन्हा छापता येते, प्रत नव्याने काढता येते. माहिती मात्र एकदा हरवली की बहुधा कायमची जाते. म्हणून मोल ठरवताना तिचा विचार आधी व्हायला हवा.

२. प्रतिमा

ऑस्ट्रेलियाचा व्हिक्टर ट्रंपर क्रीज सोडून पुढे झेपावतो आहे, बॅट मागे उंच उचललेली आहे, हे छायाचित्र क्रिकेटच्या इतिहासात सर्वांत गाजलेल्या प्रतिमांपैकी एक आहे. ते काढले जॉर्ज बेल्डम यांनी. बेल्डम स्वतः मिडलसेक्सकडून खेळत. सी. बी. फ्राय यांच्यासह त्यांनी १९०५ मध्ये फलंदाजांच्या तंत्रावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हे चित्र आहे. हा सामन्यातला क्षण नाही. अभ्यासासाठी मुद्दाम जुळवून आणलेला फटका आहे. त्याने चित्राची शोभा उणी होत नाही. पण ‘कसोटीतला क्षण’ म्हणून ते विकले, तर घेणाऱ्याची फसगत होते. चित्र तेच राहते, माहितीने त्याचा अर्थ बदलतो.

३. प्रत

येथे एक भेद पक्का करायला हवा. छायाचित्र जुने असणे वेगळे आणि प्रत जुनी असणे वेगळे. संग्राहकांच्या भाषेत ‘व्हिंटेज प्रिंट’ म्हणजे छायाचित्र काढल्यानंतर थोड्याच काळात, छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेली प्रत. त्याच निगेटिव्हवरून पुढे काही वर्षांनी काढलेली ती उत्तरकालीन प्रत. स्कॅन करून आज इंकजेटवर छापलेली ती पुनर्मुद्रित प्रत. तिन्ही प्रामाणिक असू शकतात, पण त्यांची किंमत एक असू शकत नाही.

पारख घरीही करता येते. दहापट मोठे दाखवणारे भिंग कागदावर ठेवा. ओळीने मांडलेले ठिपके दिसले, तर ते छापखान्यातले हाफटोन चित्र आहे : पुस्तकातले, मासिकातले किंवा पोस्टर. विस्कळीत, बारीक शाईकण दिसले, तर इंकजेट. ठिपके न दिसता छटा एकमेकींत विरघळत गेल्या, तर डार्करूममध्ये काढलेली जिलेटिन सिल्व्हर प्रत असण्याची शक्यता मोठी. अशा प्रतीच्या गडद भागांवर तिरपा उजेड पडला की कधीकधी निळसर, आरशासारखी चमक दिसते. चांदी वर येऊन ती तयार होते. आजचे चांगले इंकजेटही हिणवण्यासारखे नाही. सुती, आम्लरहित कागद आणि पिगमेंट शाई असेल तर ते दीर्घकाळ टिकते. मात्र ‘१०० प्रतींपैकी १२ वी’ या आकड्याला अर्थ येतो तो निर्माता १०१ वी प्रत न काढण्याचा शब्द पाळतो तेव्हाच.

४. हक्क

प्रत विकत घेतल्याने प्रतिमेचा हक्क मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. त्याआधी छायाचित्राची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षांची होती. आता ती छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची आहे. क्लबने पैसे देऊन स्टुडिओकडून संघाचे छायाचित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क क्लबचा. हक्क कोणाचा हे विक्रेत्याला सांगता यावे, इतकी अपेक्षा रास्त आहे.

५. माहिती

भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ चा विक्रम ९ धावांवर असताना काठियावाडने सामना सोडून दिला. हे ठाऊक नसेल, तर निंबाळकरांची तसबीर म्हणजे पांढऱ्या कपड्यातला एक फलंदाज, एवढेच.

आपल्या भागातले उदाहरण कल्याणचे. जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या : १२९ चौकार, ५९ षटकार. इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ चा नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याने मागे टाकला. त्या खेळीची छायाचित्रे डिजिटल आहेत, निगेटिव्ह नाही. पन्नास वर्षांनी कुणी त्यांची प्रिंट काढेल तेव्हा मूळ फाइल, तारीख आणि छायाचित्रकाराचे नाव हाच तिचा आधार असेल.

६. जतन

खाडीकाठच्या ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीच्या पावसाळ्यात कागदाचा पहिला शत्रू ओल. काचेला थेट टेकलेले छायाचित्र दमट हवेत तिला चिकटते; सोडवताना चेहऱ्यांचा पापुद्राच निघून येतो. म्हणून मधे आम्लरहित माउंट हवा, पाठीला साधा पुठ्ठा नको. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तसबीर लावू नये. उन्हाची तिरीप येणारी जागाही टाळावी.

७. निष्कर्ष

विकत घेताना विचारायचे प्रश्न चार : कोणी टिपले, ही प्रत कशावरून काढली, किती प्रती आहेत, हक्क कोणाचा. उत्तरे लेखी मिळाली तर किंमत देण्यात हशील आहे.

पण मला खरी कळकळ आहे ती न विकल्या जाणाऱ्या छायाचित्रांची. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत लहानाचा मोठा झाला. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला भारताचे नेतृत्व करत तो शतक ठोकेल आणि सामना जिंकून देईल, हे तो शाळेत असताना कोण सांगू शकले असते? कोणता चेहरा उद्या इतिहासात जाईल हे आज कळत नाही, म्हणून नाव सगळ्यांचे लिहायचे. आणि जे अकराही जण कुठेच पोहोचले नाहीत, त्यांचीही नावे असायला हवीत. मैदान त्यांनीच जागते ठेवले होते. क्लबच्या कपाटातले, आजोबांच्या ट्रंकेतले संघाचे छायाचित्र या रविवारी बाहेर काढा. मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने पाठीवर लिहा : डावीकडून उभे, डावीकडून बसलेले, साल, मैदान. ज्यांना ते चेहरे ओळखता येतात ती माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम होणार आहे.