गरिबाची तांबडी वाइन

फ्रान्समध्ये शाळेच्या जेवणाबरोबर १४ वर्षांखालील मुलांना वाइन देण्यास बंदी झाली, ती १९५६ साली! हे मी मित्राला सांगितले, तेव्हा आमची दोघांची मिळून तीन कच्चीबच्ची शेजारच्या खोलीत नुकतीच निजली होती. मूल रात्री दोनदा उठणार हे ठाऊक असलेल्या बापाने महागडी बाटली फोडू नये. लांगदोकची स्वस्त तांबडी आम्हांला पुरते. थोडी तुरट, जिभेवर जांभळासारखी.

या स्वस्ताईचा इतिहास मात्र गोड नाही. १८६० नंतर फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे मुळांपासून पोखरले. टंचाईत साखरपाण्याच्या बनावट वाइनचे फावले. पुढे अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून मळे पुन्हा उभे राहिले. पण भेसळ काही हटली नाही आणि भाव कोसळले. अतोनात पिकविण्याचा दोष खुद्द बागाइतदारांकडेही जातो, हे सांगितलेच पाहिजे. परंतु उपाशी माणसाला हिशेब कोण शिकविणार?

१९०७ साली मार्सलँ आल्बेर या खेड्यातल्या माणसामागे लाखो लोक रस्त्यावर आले. जूनमध्ये नार्बोन येथे सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. ते ऐकून १७ व्या पायदळ पलटणीतील शिपायांनी बंड केले. त्यांत पुष्कळसे त्याच मुलखातले, द्राक्षे पिकविणाऱ्यांचे मुलगे होते. महिनाअखेर भेसळीविरुद्ध कायदा झाला. बंडखोर शिपायांची रवानगी मात्र दूर ट्युनिशियात, गाफ्सा येथे झाली.