दोन कॅटांचा पेशन्स आणि वरचे सहा पत्ते

एकट्याने पत्ते मांडून बसण्याला आपल्याकडे सरसकट ‘पेशन्स लावणे’ म्हणतात. एक कॅट, सात ओळी, काळ्यावर तांबडा, तांबड्यावर काळा. त्याचा एक खडतर भाऊ दोन कॅटांचा आहे. त्याचा माग युद्धाच्या इतिहासात जातो, म्हणून तो इथे मांडतो.

1973 मध्ये डोनाल्ड रम्सफेल्ड नेटोमधले अमेरिकेचे राजदूत म्हणून ब्रुसेल्सला गेले. तिथे बेल्जियमचे प्रतिनिधी होते आंद्रे द स्टार्के. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियमचे सरकार लंडनला परागंदा होते, तेव्हा हे तिथे होते आणि चर्चिल यांच्या जवळचे झाले. रम्सफेल्ड सांगत की हा डाव चर्चिलनी द स्टार्के यांना शिकवला आणि त्यांनी आपल्याला. 2016 मध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी, रम्सफेल्डनी त्याचे मोबाइल ॲपही काढले.

चर्चिलच्या बेझिक या पत्त्यांच्या खेळाबद्दल त्यांच्या निकटच्या लोकांनी भरपूर लिहिले आहे. या पेशन्सची कथा मात्र आठवणींच्या साखळीवर उभी आहे. हा फरक इतिहास वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावा. आणि चर्चिल म्हटले की आपल्याला 1943 चा बंगालचा दुष्काळ आठवतो. तो आठवायलाच हवा. डाव शिकायला भक्त व्हावे लागत नाही.

आता डाव. पत्ते 104. खाली दहा ओळी. एक्क्यापासून राजापर्यंत, रंगवार, आठ गड्ड्या पूर्ण करायच्या. ओळींत मात्र उतरत्या क्रमाने, तांबडा-काळा आलटून पालटून लावायचे. हातातला साठा एकेक पान उघडत नाही. मागितला की दहाही ओळींवर एकेक पान पडते. आणि सगळ्यांत वर असतात सहा उघडे पत्ते. ते ओळींत उतरत नाहीत. त्यांची पाळी येईल तेव्हा थेट गड्डीवरच जातात.

मी हा डाव शिकलो तो बर्फाने रस्ता बंद झालेल्या एका चौकीवर. बुखारी, घोंगडी आणि मेसमधले दोन जुने कॅट. शिकताना नजर आपोआप खालच्या दहा ओळींकडे जाते, कारण हालचाल तिथे दिसते. पण डाव ठरतो वरच्या सहांत. तिथे बदामची दुर्री असेल तर काम सोपे. इस्पिकचा राजा असेल तर एक्क्यापासून राणीपर्यंत इस्पिकची बारा पाने आधी वर गेली पाहिजेत. मग पहिल्या चालीपासून इस्पिक मोकळे करत राहायचे, चौकटची सुंदर ओळ जमत असली तरी.

दुसरा धडा साठ्याचा. आमचे सुभेदार साहेब शेजारी बसून पाहत असत. एकदा मी साठ्याला हात घातला तसे म्हणाले, “साहेब, कुमक आली म्हणजे बरंच होतं असं नाही. खाणारी तोंडं बी वाढतात.” खरेच होते. नवी दहा पाने पडली की नीट लावलेल्या ओळी झाकल्या जातात. हाताशी असलेल्या सगळ्या चाली तपासल्याशिवाय साठा मागायचा नाही.

हे वाचून गॅलिपोली आठवते. त्या मोहिमेचे मोठे पुरस्कर्ते चर्चिलच. नौदलाचे मंत्रिपद त्यांनी मे 1915 मध्ये गमावले, मोहीम मात्र चालूच राहिली. 6 ऑगस्टच्या रात्री सुव्ला उपसागरात ताजी कुमक उतरली, पण ती वेळेत टेकड्यांवर चढली नाही. तिकडे सारी बैरच्या कड्यावर 9 ऑगस्टला आपले गुरखे पोचले होते. तो माथा टिकवता आला नाही. पाने हातात होती. जिथे हवी तिथे, हवी तेव्हा पडली नाहीत.

रम्सफेल्डचे उदाहरण आणखी बोचते. 2003 मध्ये ते अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते. इराकमधल्या फरारी नेत्यांची चित्रे अमेरिकी फौजेने पत्त्यांच्या कॅटवरच छापली. सद्दाम इस्पिकचा एक्का. बगदाद 9 एप्रिलला पडले. खालच्या ओळी झपाट्याने सुटल्या. मग मे महिन्यात इराकी फौज बरखास्त झाली आणि हत्यार चालवायला शिकलेली लाखो माणसे घरी बसली. त्यांचे पुढे काय, हा वरच्या ओळीतला प्रश्न होता. तीस वर्षे हा डाव खेळलेल्या माणसाच्या कारकिर्दीत तो तसाच राहिला.

तेव्हा पेशन्स खेळून कुणी सेनापती होतो, असे मी म्हणणार नाही. डाव अडला तर पत्ते गोळा करून पुन्हा पिसता येतात. सारी बैरच्या उतारावर राहिलेल्यांना ती सोय नव्हती. पण हुकूम देण्याआधी शेवटी काय सुटायचे आहे ते पाहण्याची सवय हा डाव लावतो. मी तो तरुण अफसरांना शिकवतो. पहिली पाच मिनिटे पानाला हात लावू देत नाही. फक्त वरचे सहा मोठ्याने वाचायला लावतो.