रिळांच्या भांडारातून उभी राहिलेली वाहिनी

दूरचित्रवाणीची वाहिनी काढायची तर आधी ती कोणासाठी आणि कशासाठी हे ठरते आणि मग तिच्यासाठी कार्यक्रम जमवले जातात, असा नेहमीचा क्रम आहे. १ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेत सुरू झालेल्या ‘कार्टून नेटवर्क’च्या बाबतीत हा क्रम उलटा होता. येथे चित्रपटांची रिळे आधी मालकीची झाली, ती साठून राहिली आणि त्यांना दाखवण्याची जागा हवी म्हणून वाहिनी जन्माला आली. या वाहिनीचा पुढचा सारा इतिहास या एका गोष्टीने घडवला आहे, त्यामुळे तिचा शोध मुलांच्या खोलीत न घेता चित्रपटांच्या भांडारात घ्यावा लागतो.

हे भांडार जमवणारे टेड टर्नर हे अटलांटा शहरातले उद्योजक होते. १९७० मध्ये त्यांनी तेथील एक डबघाईला आलेले छोटे दूरचित्रवाणी केंद्र विकत घेतले आणि १९७६ च्या अखेरीस त्याचे प्रक्षेपण उपग्रहावर चढवून ते देशभरच्या केबलचालकांना उपलब्ध करून दिले. एका गावाचे केंद्र अशा रीतीने साऱ्या देशात दिसू लागले की त्यास ‘सुपरस्टेशन’ म्हणत. असे केंद्र दिवसरात्र चालवायचे तर कार्यक्रम भरपूर हवेत आणि तेही स्वस्त. जुने चित्रपट हे त्यावरचे सर्वांत सोपे उत्तर होते. मात्र ते भाड्याने आणत राहण्यापेक्षा विकतच घ्यावेत, या विचाराने टर्नर यांनी १९८६ मध्ये एमजीएम ही हॉलिवूडमधील नामवंत चित्रसंस्था खरेदी केली. कर्जाचा भार इतका होता की काही महिन्यांतच संस्थेचे नाव, निर्मितीचा व्यवसाय आणि स्टुडिओची जागा विकून टाकावी लागली. जुन्या चित्रपटांचा संग्रह तेवढा त्यांनी सोडला नाही. या व्यवहारात टर्नर फसले असे त्या वेळी अनेकांना वाटले होते.

त्या संग्रहात चित्रपटगृहांसाठी बनलेले हजारो मिनिटांचे कार्टूनपट होते. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० पासून एमजीएमसाठी काढलेले ‘टॉम अँड जेरी’ त्यात होतेच; शिवाय वॉर्नर ब्रदर्सचे ऑगस्ट १९४८ पूर्वीचे रंगीत कार्टूनपट आणि ‘पॉपाय’ हेही होते. दुसऱ्या संस्थांची ही चित्रे एमजीएमकडे कशी आली, हा प्रश्न साहजिक आहे. १९५६ मध्ये एका वितरण कंपनीने ती दूरचित्रवाणीवर दाखवण्यासाठी विकत घेतली होती, ती कंपनी पुढे युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेली आणि १९८१ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स एमजीएमच्या ताब्यात आली. ज्यांनी ही चित्रे विकली त्यांना ती टाकाऊ वाटत होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. सात मिनिटांच्या कार्टूनपटाचे चित्रपटगृहातले आयुष्य संपले की त्याला पुढे काही मोल उरेल, असे त्या काळी फार थोड्यांना वाटे.

भांडाराचा दुसरा अर्धा भाग १९९१ मध्ये आला, जेव्हा टर्नर यांनी ३२ कोटी डॉलरना हॅना-बार्बेरा ही कंपनी घेतली. एमजीएमने १९५७ मध्ये कार्टून विभाग बंद केल्यावर हॅना आणि बार्बेरा यांनी ती स्थापन केली होती. दूरचित्रवाणीचे पैसे चित्रपटगृहाच्या मानाने अगदी थोडे, म्हणून त्यांनी ‘मर्यादित ॲनिमेशन’ची पद्धत पक्की केली. पूर्ण ॲनिमेशनमध्ये हालचाल सलग दिसावी म्हणून पात्राचे संपूर्ण चित्र पुन्हा पुन्हा काढावे लागते. मर्यादित पद्धतीत धड एका पारदर्शक पत्र्यावर एकदाच रंगवायचे आणि दुसऱ्या पत्र्यावर तेवढे डोके किंवा तोंड बदलत राहायचे. योगी नावाच्या अस्वलाच्या उघड्या अंगावर कॉलर आणि टाय का आहे, याचे उत्तर येथे सापडते: धड आणि डोके जिथे जुळते ती रेघ कॉलरच्या काठाखाली लपते. काटकसरीची ही खूण लाखो मुलांना त्या अस्वलाचा रुबाब वाटली, हे त्या चित्रकारांच्या हुशारीचे मोठे प्रमाणपत्र मानावे लागेल.

वाहिनी सुरू झाली तेव्हा तिच्या हाती सुमारे ८,५०० तासांची कार्टूने होती, पण स्वतःचे असे नवे जवळजवळ काहीच नव्हते. प्रतिस्पर्धी निकेलोडियन ही मुलांची वाहिनी १९७९ पासून चालू होती आणि ऑगस्ट १९९१ मध्ये तिने स्वतःच्या नव्या कार्टून मालिका आणल्या होत्या. कार्टून नेटवर्कच्या पहिल्या अध्यक्ष बेटी कोहेन यांच्यापुढे जुनी रिळे फिरवत राहणे किंवा अगदी थोड्या पैशांत नवे घडवणे, असे दोन मार्ग होते आणि वाहिनीने दोन्ही एकत्र केले. १९९४ मध्ये आलेल्या ‘स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट’ या कार्यक्रमात १९६६ च्या एका विस्मृतीत गेलेल्या मालिकेतील नायकाची जुनीच चित्रे कापून, फिरवून, पुन्हा वापरली गेली. एकेकाळी अंतराळात लढणारा हा वीर आता टेबलामागे बसून खऱ्याखुऱ्या पाहुण्यांची मुलाखत घेऊ लागला. वाहिनीची पुढची प्रयोगशील वृत्ती या कार्यक्रमात प्रथम दिसली, असे म्हणता येते.

दुसरा प्रयोग अधिक फलदायी ठरला. हॅना-बार्बेराची सूत्रे हाती आलेल्या फ्रेड सायबर्ट यांनी ४८ छोटे कार्टूनपट वेगवेगळ्या चित्रकारांकडून करून घेण्याची योजना आखली आणि १९९५ पासून ते ‘व्हॉट अ कार्टून!’ या नावाखाली दाखवले गेले. प्रत्येक कार्टूनपट सुमारे सात मिनिटांचा, म्हणजे जुन्या चित्रपटगृहातल्या मापाचा होता. लेखकाने आधी संहिता लिहावी आणि चित्रकाराने ती रेखाटावी, हा दूरचित्रवाणीचा रिवाज बाजूला ठेवून कल्पना, कथा आणि रेखाटन एकाच माणसाच्या हाती देण्यात आले. गेन्डी टार्टाकोव्हस्की यांची ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’ (१९९६) आणि क्रेग मॅक्रॅकन यांची ‘पॉवरपफ गर्ल्स’ (१९९८) या मालिका येथूनच निघाल्या, आणि दोहोंचे मूळ त्यांनी कॅलिफोर्नियाच्या कलामहाविद्यालयात शिकताना केलेल्या कामात होते. या मालिकांतील जाड बाह्यरेषा, सपाट रंग आणि मोजक्या हालचाली पाहिल्या की जुन्या काटकसरीचे रूपांतर शैलीत झाले होते हे स्पष्ट दिसते. दरम्यान १९९६ मध्ये टर्नर यांची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली आणि वॉर्नरच्या कार्टूनपटांचे १९४८ च्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दुभंगलेले दोन भाग एका छत्राखाली आले.

भारतात ही वाहिनी १९९५ मध्ये आली ती अर्धीच. दिवसा कार्टून नेटवर्क आणि त्यानंतर टीएनटी ही जुन्या हॉलिवूडपटांची वाहिनी, अशी एकाच वाहिनीची दोघांत वाटणी होती. मुंबई-पुण्यातल्या ज्या घरांत केबल पोहोचली होती, तेथे दिवसभर चाललेली कार्टूने संपून अनोळखी इंग्रजी चित्रपट सुरू होणे मुलांना खटकत असे. प्रत्यक्षात १९८६ मध्ये घेतलेल्या एकाच भांडाराची ती दोन कपाटे होती. ‘टॉम अँड जेरी’ला भाषेची अडचण फारशी नव्हती, कारण त्याची कथा संवादांपेक्षा हालचाल आणि संगीत यांवर चालते. इतर मालिका पुढे हिंदीत आल्या आणि अनेक मराठी मुलांच्या बोलण्यात हिंदीने याच वाटेने शिरकाव केला. त्या काळात मराठीला मात्र येथे स्थान मिळाले नाही, ही खंत नोंदवायलाच हवी. ज्या मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाने १९५० च्या दशकापासून राम मोहन यांच्यासारखे कलावंत घडवले, तिच्या भाषेची ही उपेक्षा होती. २००१ मध्ये भारतातली वाहिनी चोवीस तासांची झाली, २००३ मध्ये तिरुवनंतपुरमच्या टून्झ या संस्थेची तेनाली रामावरील मालिका तिच्यावर झळकली, आणि २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘पोगो’ या भगिनी वाहिनीवर २००८ मध्ये हैदराबादेत बनलेला ‘छोटा भीम’ आला.

अमेरिकेत एव्हाना घरांतून केबल काढून टाकण्याची लाट सुरू झाली होती आणि मुले हव्या त्या वेळी हवे ते इंटरनेटवर पाहू लागली होती. २०२२ मध्ये मूळ कंपनी डिस्कव्हरीत विलीन झाली आणि २०२३ मध्ये वाहिनीच्या स्टुडिओची बरबँक येथील इमारत रिकामी करण्यात आली. सात मिनिटांची जुनी रिळे मात्र पुन्हा एकदा नव्या मालकाच्या भांडारात जमा झाली.