देवाचा दरबार: अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीतील उपदेशाची वाटचाल

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिताना धर्मांतराचा प्रश्न बहुधा अग्रभागी येतो आणि बाप्तिस्मा झाल्यानंतरची वर्षे एखाद्या तळटीपेत आटोपली जातात. वास्तविक मंडळीच्या, म्हणजे एका ठिकाणच्या ख्रिस्ती उपासकांच्या संघटित समुदायाच्या, दृष्टीने खरी कसोटी त्यानंतरच सुरू होत असे. कारण नोंदवहीत नाव चढलेला माणूस आणि येशूच्या वचनानुसार रोजचा व्यवहार करणारा शिष्य यांत मोठे अंतर असते, हे मिशनरी, देशी पाळक आणि सामान्य सभासद या सर्वांनाच दिसत होते. हे अंतर उपदेशाने कमी करण्याचा जो दीर्घ प्रयत्न अहमदनगर जिल्ह्यात झाला, त्याचे टोक नारायण वामन टिळकांच्या 'देवाचा दरबार' या उपक्रमात गाठले गेले.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये मिशनने अहमदनगरला ठाणे घातले. आरंभी ब्राह्मणांपैकी हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे मोजके लोक मंडळीत आले. पुढे मात्र सभासदांचा मोठा भाग खेड्यापाड्यांतील महार समाजातून येऊ लागला, आणि शिष्यपणाच्या उपदेशाला त्या समाजाच्या व्यवहाराशी सामना करावा लागला. रविवार हा विश्रांतीचा व उपासनेचा दिवस मानावा, हे व्यासपीठावरून सांगणे सोपे होते. पण येसकराची पाळी, म्हणजे गावच्या वेशीवरील राखण व वर्दीचे काम, रविवार पाहून थांबत नसे, आणि ती चुकवली तर बलुत्याच्या हक्कावर, म्हणजे सुगीत मिळणाऱ्या धान्यावर, गदा येण्याची धास्ती असे. मेलेले जनावर ओढणे, ग्रामदेवतेच्या जत्रेतील ठरलेली सेवा करणे, ही कामेही वतनातच मोडत. त्यामुळे मूर्तिपूजा सोडा, असा उपदेश ऐकणाऱ्या कुटुंबाला नव्या श्रद्धेबरोबर वर्षाच्या भाकरीचाही हिशेब मांडावा लागे. उपदेशकाच्या वहीतील 'त्याग' हा शब्द या लोकांसाठी अगदी मोजून मापून ठरलेला होता. याखेरीज महार व मांग यांच्यातील अंतर मंडळीत येऊनही लगेच मिटले नाही, आणि एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्यांनी घरी परतल्यावर कोणाच्या हातचे पाणी प्यावे, हा प्रश्न वर्षानुवर्षे पाळकांपुढे उभा राहिला.

मिशनच्या धोरणात या दृष्टीने महत्त्वाचे वळण १८५४-५५ मध्ये आले. हे मिशन चालवणाऱ्या बोस्टन येथील अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन त्या सुमारास हिंदुस्थानात पाहणीसाठी आले. मंडळीने आपला कारभार स्वतः पाहावा, आपला खर्च स्वतः उचलावा आणि आपला प्रसार स्वतः करावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. शाळांपेक्षा, विशेषतः इंग्रजी शाळांपेक्षा, देशी भाषेतील उपदेशाला अग्रक्रम द्यावा, असाही त्यांचा आग्रह होता. त्याच सुमारास, १८५४ मध्ये, हरिपंत व रामकृष्णपंत यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. कागदावर हे धोरण निर्दोष होते. प्रत्यक्षात शाळामास्तर, उपदेशक, बायबल वाचून दाखवणाऱ्या बाया आणि पाळक यांपैकी बहुतेकांचा पगार मिशन बंगल्यातूनच येत राहिला. आणि ज्याच्या पदरी नोकरी त्याच्यापुढे नम्र राहायचे, हा देशी व्यवहारातील जुना नियम ख्रिस्ती कंपाऊंडातही तसाच चालू राहिला. स्वावलंबनाचा उपदेश पगारी माणसाच्या तोंडून होत असल्याने तो श्रोत्यांना कितपत पटत असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

उपदेशाच्या रूपाचीही एक अडचण होती. न्यू इंग्लंडमधून आलेले प्रवचन वचन, त्याचे मुद्दे, पोटमुद्दे आणि शेवटी लावलेला बोध अशा रचनेचे असे, आणि निरक्षर श्रोत्यांना ते शाळेतल्या धड्यासारखे वाटे. अहमदनगर परिसरातील कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन सुरू केले, त्याचे महत्त्व या संदर्भात ध्यानात घ्यावे लागते. हरिदासी कीर्तनाचे दोन भाग असतात: पूर्वरंगात मूळ पद घेऊन त्याचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्या निरूपणाला पुष्टी देणारे आख्यान लावले जाते. सांगळ्यांनी हा साचा कायम ठेवून त्यात बायबलमधील कथा आणि स्वतः रचलेली पदे घातली. कीर्तनकार उभा, मागे टाळ-मृदंगाचे साथीदार, मधूनच साकी किंवा दिंडी, लगेच गद्यात विनोदी अंगाने सांगितलेला एखादा प्रसंग, आणि समोर चावडीजवळच्या मोकळ्या जागेत रात्र चढेपर्यंत बसलेले लोक, असे त्याचे स्वरूप असे. रस्त्यावरच्या प्रवचनाला दोन घटका थांबून निघून जाणारा शेतकरी कीर्तनाला मात्र बसून राही. त्याहून मोलाचा परिणाम मंडळीच्या आतल्या लोकांवर झाला. कारण आख्यानात श्रोता पात्राबरोबर चालतो, उधळ्या पुत्राच्या घरी परतण्यात स्वतःचे परतणे पाहतो, आणि अनुसरण ही गोष्ट मुद्द्यांच्या यादीतून उचलून कथेच्या चालीवर त्याच्यापर्यंत पोचते. काही मिशनऱ्यांना हे रूप मूर्तिपूजकांचे वाटत असे, पण त्याचा उपयोग पाहिल्यावर विरोध हळूहळू ओसरला.

मराठीत असा प्रयत्न त्याआधीही झालेला होता. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीतील बाप्तिस्मा झालेल्या लोकांसाठीच ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. जुनी पुराणे हातून गेलेल्या समाजाला श्रद्धेत मुरवण्यासाठी पुराणच हवे, हे त्यांनी ओळखले होते. अडीच शतकांनंतर प्रॉटेस्टंट अहमदनगर स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनी, विशेषतः १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या, सारे गणित बदलून टाकले. अनाथ मुले व उपाशी कुटुंबे मिशनच्या आश्रयाला आली, वसतिगृहे भरली आणि सभासदसंख्या वाढली; पण त्याबरोबर मिशनला मायबाप मानण्याची वृत्तीही बळावली. अन्न देणारा आणि उपदेश करणारा एकच असला की उपदेशाला होकार मिळतो, अनुयायी मिळतीलच असे नाही. मदत देणे अपरिहार्य होते आणि त्यात दोष काढणे अन्यायाचे ठरेल; परंतु मंडळीवर त्याचा जो ठसा राहिला, तो पुसण्याचे काम पुढच्या पिढीच्या उपदेशकांवर येऊन पडले.

टिळकांचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर उठून दिसते. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण कवी आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचू लागला आणि मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी थबकला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते ख्रिस्ताकडे सिद्धांताच्या मार्गाने आले नाहीत. शत्रूवर प्रीती करा, उद्याची चिंता करू नका, या आचाराच्या मागणीने त्यांना ओढले, आणि त्यांचा पुढचा सारा उपदेश त्या प्रवचनाभोवतीच फिरत राहिला. ख्रिस्त हा त्यांच्या लेखी सद्गुरू होता आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण त्याच्यापर्यंत पोचलो, असे ते सांगत. गुरू-शिष्य नात्याची ही भाषा मराठी श्रोत्याला उलगडून सांगावी लागत नसे; गुरू करायचा म्हणजे त्याच्या पायी देह ठेवायचा, हे वारकरी वस्तीत वाढलेल्या महार ख्रिस्त्यालाही ठाऊक होते. टिळकांचे अभंग व पदे उपासनेत शिरली, आणि ज्या मंडळ्या पूर्वी इंग्रजी चालींवर बेतलेली गीते म्हणत होत्या, त्या आपल्या छंदात गाऊ लागल्या.

टिळकांचे घर हा त्यांच्या उपदेशाचा दुसरा भाग होता. पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात दिसणारे ते घर पगार हाती येताच रिकामे होणारे आणि निराश्रित मुलांनी भरलेले आहे, आणि त्याचा भार कोणी उचलला हेही तिथे स्पष्ट दिसते. लक्ष्मीबाई स्वतः नवऱ्यापासून काही वर्षे दूर राहिल्या, परत आल्यावरही प्रथम सोवळे सांभाळून वेगळी चूल व वेगळे पाणी राखत होत्या, आणि विटाळाची कल्पना त्यांनी पायरीपायरीने सोडली. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. शिष्यपण म्हणजे काय, याचे या आत्मचरित्रातील स्वयंपाकघराइतके प्रत्ययकारी चित्र त्या काळच्या मुद्रित प्रवचनांत सापडणे कठीण आहे.

१९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळालेल्या टिळकांनी पुढे 'ज्ञानोदय' या १८४२ पासून चालत आलेल्या मिशनच्या नियतकालिकातून मिशनच्या वर्चस्वावर परखडपणे लिहिले आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला. साताऱ्यास राहून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा हा बंधुसंघ होता आणि त्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले, दोघांनाही समान स्थान होते. देवाचे राज्य मंडळीच्या भिंतींत मावत नाही, ते जिथे येशूच्या आज्ञा पाळल्या जातात तिथे असते, असा त्यामागचा विचार होता. पगारी व्यवस्थेवरचे हे सर्वांत कडक भाष्य होते, कारण टिळकांनी ते भाषणात न करता स्वतःची उपजीविका सोडून केले.

मंडळीची प्रतिक्रिया मात्र संमिश्र राहिली. बाप्तिस्मा ऐच्छिक मानला तर ज्यांनी तो घेऊन गावाचा रोष पत्करला त्यांच्या त्यागाचे काय, हा महार ख्रिस्त्यांच्या बाजूचा प्रश्न अवास्तव नव्हता, आणि टिळकांच्या चाहत्यांनी त्याला द्यावे तितके वजन दिलेले नाही. ब्राह्मण विचारवंताला बाप्तिस्म्याबाहेर राहून ख्रिस्तभक्त म्हणवणे शक्य होते; ज्याचे बलुते आधीच गेले होते त्याला ती सोय नव्हती. शिवाय दरबाराला ना निधी होता, ना कारभारी. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि संस्थापकाच्या व्यक्तित्वावर उभा असलेला हा संघ त्यांच्यामागे टिकला नाही. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरेच राहिले होते. त्याचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून पुरा केला आणि ते १९३८ मध्ये, त्यांच्याही मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

दरबाराची कल्पना अहमदनगर परिसरातच काम करणारे अँग्लिकन मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी उचलली. १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या विन्स्लो यांनी आदल्या वर्षी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला, आणि हिंदी व युरोपीय सभासदांनी एकत्र साधेपणाने राहण्याचा तो प्रयोग पुढे पुण्यात स्थिरावला. सामान्य मंडळ्यांनी मात्र टिळकांचा वारसा निवडून घेतला: त्यांची पदे 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून आजही रविवारी गायिली जातात, सांगळ्यांचे कीर्तन सणासुदीला होते, आणि पगार सोडून उभारलेल्या दरबाराचे अनुकरण मराठी ख्रिस्ती समाजात मोठ्या प्रमाणावर कधीच झाले नाही.