वंडरवॉल म्युझिक : बाजूला राहिलेली मुद्रणे

‘बीटल्स’मधील गिटारवादक जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) याचा पहिला एकल अल्बम, ‘वंडरवॉल’ चित्रपटाचे पार्श्वसंगीत. प्रकाशन नोव्हेंबर १९६८. त्यातील भारतीय वाद्यांचा भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टातील एचएमव्हीच्या स्टुडिओत मुद्रित झाला. शिवकुमार शर्मा (संतूर), आशिष खाँ (सरोद), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) हे वादकांत होते.

याच सत्रांत ‘द इनर लाइट’ या गीताचा वाद्यभाग तयार झाला. तो अल्बमात आला नाही. लंडनमध्ये त्यावर गायन चढवून मार्च १९६८ मध्ये ‘बीटल्स’च्या ‘लेडी मॅडोना’ या तबकडीची दुसरी बाजू म्हणून निघाला. अल्बमच्या २०१४ मधील पुनःप्रकाशनात या गीताचा निव्वळ वाद्यांचा पर्यायी पाठ आणि ‘ऑलमोस्ट शंकरा’ ही रचना जोडण्यात आली.

पर्यायी पाठाच्या आरंभी वादनापूर्वीचे बोलणे ऐकू येते. शब्द नसल्याने बासरी आणि सरोद यांची गुंफण इथे विशेष स्पष्ट होते. प्रकाशित गीतात ती गायनामागे जाते. म्हणून हा पाठ निव्वळ संग्राहकांसाठीचा उरलासुरला ऐवज मानणे चूक ठरेल. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याने आधी हाच पाठ ऐकावा, मग प्रकाशित गीत.