सज्ज्याच्या फळ्या

आमच्या घराला एक लाकडी सज्जा आहे. तीन हात रुंद आणि अकरा हात लांब. आजोबांनी बांधला. लाकूड दांडेलीच्या सागाचे, असे ते सांगत. आईची सकाळ त्या सज्ज्यावर उजाडते. तिथे बसून ती शेंगा फोडते, गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करते, आणि माझ्या कादंबऱ्यांपेक्षा अधिक कथानके एका तासात गोळा करते.

तीन वर्षांपूर्वी मला दुर्बुद्धी सुचली. फळ्या करड्या पडल्या होत्या, म्हणून एका रंगाऱ्याला बोलावले. त्याने फळ्यांमधल्या फटी लांबीने बुजवल्या आणि वरून चकचकीत व्हार्निश चढवले. त्या दिवाळीत पणत्यांचे प्रतिबिंब फळ्यांत दिसे. पुढे कोल्हापूरचा पाऊस आला. श्रावणात व्हार्निशला फोड धरले, भाद्रपदात पापुद्रे निघाले. दोन पावसाळे असेच गेल्यावर कठड्याजवळच्या एका फळीत आईची काठी बोटभर रुतली. मी हादरलो. सौ. म्हणाली, "अहो, आता तरी तो सज्जा काढून सिमेंटचा करा." आई काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून ती आत, खिडकीपाशी बसू लागली.

पाडण्यापूर्वी एकदा दाखवावा, म्हणून जुन्या ओळखीच्या सुतारमामांना आणले. त्यांनी गुडघ्यावर बसून फळीवर बोट वाजवले, फटीत पटाशीचे टोक घातले आणि म्हणाले, "मास्तर, लाकूड कुजलं न्हाई, तुमीच कुजवलासा. फटी कशापायी बुजवल्या? पाणी जायाला वाट नगं?"

हे ऐकून मला गलबते आठवली. मास्तरकीची सवय, सुताराच्या बोलण्यातही इतिहासाचा तास दिसतो.

कोल्हापुरात बसून गलबतांच्या गोष्टी सांगणे वाचकांना विचित्र वाटेल. पण आपल्या करवीर राज्याला एके काळी समुद्र होता. मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते, आणि त्यांच्या आरमाराने इंग्रज व्यापाऱ्यांची झोप उडवली होती. १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असे बारसेही करून टाकले, आणि पुढे नुकसानभरपाई ठरवून परत दिला. अखेर १८१२ च्या तहाने मालवण गेले आणि कोल्हापूरचा समुद्र संपला.

गलबताची वरची तक्तपोशी आणि आमचा सज्जा ही सख्खी भावंडे. दोन्ही उन्हापावसात उघडी. फरक इतकाच, की गलबतात फळ्यांखाली माणसे झोपतात, धान्य आणि दारूगोळा असतो. म्हणून तिथे फटीत दोरखंडाचे तंतू ठोकून वरून डांबर ओतीत. सज्ज्याखाली नुसते अंगण. तिथे फट म्हणजे मोरीच. आमच्या रंगाऱ्याने घराचे गलबत केले आणि वरून आलेले पाणी फळीच्या कडेत कोंडून ठेवले.

जहाजाला साग का हवा, याचे कारण त्याच्या अंगच्या तेलात आहे. वाळवी त्याला सहसा लागत नाही, पाण्याने तो फारसा फुगत-आकसत नाही. विलायती ओक लाकडात लोखंडी खिळा गंजतो आणि लाकूडही खातो. सागात हा त्रास बराच कमी. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या पारशी कारागिरांनी मलबारी सागाची जहाजे बांधली, त्यांतले ‘त्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरले. ते आज इंग्लंडात हार्टलपूल गावी उभे आहे. असल्या जहाजांवर खलाशी रोज सकाळी ओळीने गुडघे टेकून वाळू, पाणी आणि दगडाने फळ्या घाशीत. तो पवित्रा प्रार्थनेसारखा दिसे, म्हणून म्हणे त्या दगडाला ‘होली स्टोन’ नाव पडले. आमच्या बायकामाणसांनी सारवताना टेकलेल्या गुडघ्यांना असे एखादे नाव कुणी दिल्याचे ठाऊक नाही.

परंतु मला याहून मोलाचे वाटते ते आज्ञापत्र. रामचंद्रपंत अमात्य म्हणजे आपल्या गगनबावड्याचे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या गादीसाठी ते लिहिले गेले. त्यात आरमाराच्या लाकडाचे प्रकरण आहे. साग, शिसव ही झाडे राज्यातल्या अरण्यातून लागतील तेवढी परवानगीने तोडावी. उणे पडले तर परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस ही लाकडेही आरमाराच्या कामाची, पण त्यांना हात लावू नये. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड असलेच, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे. तोफा-बारुदाच्या कारभारात शेतकऱ्याच्या फणसाची इतकी काळजी! सिमेंटचा विचार माझ्या मनातून निघाला तो सुतारमामांच्या बोलण्याने अर्धा, आणि या मजकुराने अर्धा.

गेल्या वर्षी घटस्थापनेला पाऊस उघडला आणि आम्ही कामाला लागलो. कुजकी फळी एकच निघाली. बाकीच्यांचे करडेपण उन्हाने आलेले, वरच्यावरचे. मामांनी जुन्या घराच्या तुळईतून तशीच फळी चिरून आणली. व्हार्निश खरवडायला मी आणि धाकटा मुलगा बसलो. खिळ्यांची डोकी आत ठोकल्याखेरीज रंधा लावायचा नाही, नाहीतर पात्याचा घात. मग साठ नंबरचा पॉलिश कागद, मग ऐंशीचा, मग एकशेवीसचा. घासायचे ते लाकडाच्या रेषेनेच. मी एकदा आडवे घासले, तो ओरखडा अजून आहे. चौथ्या दिवशी करड्याखालून मधासारखा रंग वर आला, तेव्हा सौ. नेही कागद हातात घेतला.

धुऊन, चार दिवस ऊन दाखवून मग बेलतेल, म्हणजे जवसाचे पक्के तेल, निम्मे टर्पेंटाइन मिसळून. मामांचा दंडक असा: तेल लावावे मनसोक्त, पण अर्ध्या तासाने उरलेले सगळे फडक्याने टिपून घ्यावे. न टिपलेले तेल चिकट होऊन बसते आणि धूळ धरते. आणखी एक गोष्ट वाचकांनी पक्की ध्यानात ठेवावी. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकते आणि सुकताना तापते. तेलकट फडक्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो काडी न लावताही पेट घेऊ शकतो. मामांनी फडकी आधी पाण्याच्या बादलीत बुडवली, मगच चहाचा कप हाती घेतला.

कोल्हापुरात आता लाकूड आणि आग हे शब्द शेजारी आले की घसा दाटतो. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभे केलेले पॅलेस थिएटर, आपले केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाळेच्या मुलांना घेऊन मी त्या रंगमंचावर चढलेलो आहे. पायाखालच्या फळ्यांचा तो पोकळ, भरदार आवाज कानात आहे. आमच्या सज्ज्याच्या फळ्यांवर तेल चोळताना तो आवाज मला सारखा ऐकू येत होता.

दुसरा हात दसऱ्यानंतर दिला. नवी फळी अजून उजळ आहे, शेजारणींत ती नव्या सुनेसारखी वेगळी दिसते. उन्हाने दोन-तीन वर्षांत मिसळेल, असे मामा म्हणतात. धनत्रयोदशीला सकाळी आईने काठीने एकेक फळी ठोकून पाहिली. नव्या फळीवर दोनदा ठोकले. मग सौ.ला हाक मारली आणि शेंगांचे सूप बाहेर मागवून घेतले.