मोहफुलाची एक्स्पायरी डेट

मागच्या आठवड्यात माझ्या जुन्या रूममेटचा व्हिडिओ कॉल आला. गडी जर्मनीत असतो, तिकडे घरी बिअर बनवतो. फ्रीझर उघडून दाखवला, तर आत हॉप्सची हवाबंद पाकिटं. खाली फ्रीजमध्ये यीस्ट, त्यावर तारीख. हॉप्सना हवा आणि उष्णता लागली की वास जातो, दळलेल्या माल्टला ओल लागली की तो बाद. मी म्हटलं, भावा, आमच्या यवतमाळात हे सगळं एकाच फुलात मिळतं. आणि त्या फुलाच्या साठवणीवर सरकारनं कायदे केलेत!

तर आजचा भाग मोहफुलावर.

केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी. या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो आणि गोंड, कोलाम घरांतली माणसं टोपल्या घेऊन निघतात. ताजं फूल रसाळ, दोन-तीन दिवसांतच आंबायला लागतं. कारण साखर आत आणि रानटी यीस्ट वरच बसलेलं. वेगळं काही टाकायची गरजच नाही. पण कडक उन्हात वाळवलं की ते मनुक्यासारखं होतं. निम्म्याच्या आसपास साखर, पाणी फारच कमी. इतक्या कोरड्या गोडव्यात जंतू वाढत नाहीत. खरी परीक्षा पावसाळ्यात. साखर हवेतली ओल ओढते, फूल चिकट होतं, बुरशी धरते. म्हणून माझी आजी शेणामातीनं लिंपलेल्या कणगीत फुलं दाबून भरायची, तोंड लिंपून बंद करायची आणि श्रावणाआधी अजिबात उघडू द्यायची नाही. आम्ही पोरं मात्र चोरून मूठभर काढायचो, ते वेगळं.

आता गंमत बघा. कणगीतला माल दारूचा आणि जेवणाचाही. उकडून खायचा, भाकरीत घालायचा, बैलाला चारायचा. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळलं. अशा सालात जंगलाकडेच्या माणसांना मोहाचाच आधार असायचा.

इंग्रजांना मात्र त्यात बुडालेला महसूल दिसायचा. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला, तरी जंगलातल्या भट्ट्या सापडेनात. मग १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी कायदा केला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेस थांबवता येईना, म्हणून इनपुटच ब्लॉक केला. भट्टी लपते, पोतं लपत नाही. फक्त त्या पोत्यात कुणाचं तरी पावसाळ्याचं जेवणही होतं.

तेव्हा वऱ्हाड मुंबईत नव्हतं. निजामाचा मुलूख, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि त्यातही मोहफूल होतंच. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि पुढे तो कायदा आपल्याकडेही आला.

मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे. फूल घरात ठेवायला भीती वाटत असेल, तर माणूस एप्रिलमध्येच, भाव पडलेला असताना विकतो. व्यापाऱ्याकडे गोदाम असतं, परवाना असतो, तो थांबू शकतो. पावसाळ्यात तेच फूल चढ्या भावानं परत विकत घ्यायचं. वाळवायची मेहनत एकाची, टिकवण्याचा फायदा दुसऱ्याचा.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफूल गोळा करणं, साठवणं आणि नेणं यावरचे निर्बंध सैल केले. त्याच वर्षी शेजारच्या चंद्रपूरची २०१५ पासूनची दारूबंदीही उठली. वर्धा अजून कोरडा, आणि यवतमाळच्या बाया आपल्याही जिल्ह्यात दारूबंदी करा म्हणून मोर्चे काढत आल्यात. त्यांच्यासमोर मोहाचं कौतुक करायला माझी जीभ अडखळते, खरं सांगतो. ज्या घरात रोज मार खावा लागतो, तिथे मी साखरेचं प्रमाण काय सांगणार? पण फूल उचलणारे, वाळवणारे हातही बहुतेक बायांचेच आहेत.

आजीची कणगी आता नाही. शेवटची उंदरांनी पोखरली, मग प्लास्टिकचा ड्रम आला. ड्रममध्ये नीट न वाळलेली फुलं भरली, तर आतल्या आत घाम सुटून सगळं आंबतं. एका वर्षी आमचंही आंबलं होतं. तुमच्याकडे मोह कशात ठेवतात, व्हॉइस नोट पाठवून सांगा. पुढच्या भागात मोहाच्या बियांच्या तेलाबद्दल बोलू.